पोरगा अठराचा झाला. आता आईबाप त्याचं काय देणं लागतात?

"अठ्ठावीस वर्साचं पोट्टं झालं, तरी बापाच्या खिशात हात घालते." पारावर असं कुणी म्हटलं की समोरून उत्तर तयारच असतं, "मंग वावरात राबते कोन? बाप देते का त्याची मजुरी?" दोघांनाही मनातून खात्री असते की कोर्टात गेलो तर आपणच जिंकू. बहुतेक वेळा दोघंही ऐकीव कायद्याच्या भरवशावर असतात.

अशा भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला पोटगीचा: मोठ्या झालेल्या लेकराला पोसणं, शिकवणं हे आईबापावर कायद्याने बंधनकारक आहे का? दुसरा हिस्स्याचा: घरच्या जमिनीत त्याचं किंवा तिचं काही आहे का? तिसरा मेहनतीचा: दहा वर्षं घरच्या वावरात राबलेल्या पोराचं काही निघतं का? पहिल्याचं उत्तर कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दुसऱ्याचं आहे, पण गावात समजतात त्यापेक्षा वेगळं. तिसऱ्यावर कायदा जवळजवळ गप्प आहे. आणि माझ्या मते आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यात खरा वाद या तिसऱ्याचाच असतो. भांडताना मात्र नाव पोटगीचं किंवा हिस्स्याचं घेतलं जातं.

पोटगीचं काय?

१८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० सांगतं की लेकरू अज्ञान असेपर्यंत त्याचा निर्वाह करणं बंधनकारक आहे. हे बंधन बापावर आहे तसंच आईवरही. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि दवापाणी आलं. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, म्हणजे आपल्या बहुतेक गावांतल्या बहुतेक घरांना. धडधाकट मुलगा अठराचा झाला की या कलमाखालचं देणं संपतं. त्यानंतर बाप मोबाईलचा रिचार्ज मारून देतो, मोटारसायकलचा हप्ता भरतो, ते मायेपोटी. त्यासाठी त्याला कोर्टात ओढता येत नाही.

लेकीचं तसं नाही. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तर अठरा उलटल्यावरही तिचा निर्वाह आईबापाकडेच राहतो. पंचवीस, तीस, वयाची अट नाही. तिच्या निर्वाहात लग्नाचा वाजवी खर्चही कायद्याने धरला आहे. इथे लगेच सांगून टाकतो: लग्नाचा खर्च म्हणजे हुंडा नव्हे. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कलम २० चा आधार त्याला मिळत नाही.

तिने दाद कुठे मागायची, यात एक खाच आहे. तालुक्याच्या कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे पोटगीचा जो झटपट अर्ज चालतो तो आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली चालायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली चालतो. या कलमात सज्ञान अपत्याला पोटगी फक्त एकाच कारणाने मिळते, ते म्हणजे शारीरिक किंवा मानसिक व्यंग अथवा इजा यामुळे स्वतःचं पोट भरता न येणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं: धडधाकट सज्ञान अविवाहित मुलीला कलम १२५ चा अर्ज चालणार नाही, पण १९५६ च्या कायद्याखाली ती निर्वाह मागू शकते. म्हणजे हक्क आहे, फक्त दरवाजा वेगळा आहे. खर्चाची भीती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांनाही तसाच मिळतो.

अपंग किंवा मतिमंद लेकराचं देणं अठराला संपत नाही, हे वरच्या कलम १४४ वरून लक्षात आलंच असेल. तिथे मुलगा-मुलगी हा भेद नाही. फक्त लग्न झालेल्या मुलीला ते कलम आईबापाविरुद्ध वापरता येत नाही. अशा घरांत एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. लेकरू अठराचं झालं की बँकेत किंवा जमिनीच्या कागदावर त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापाचा आपोआपचा अधिकार जातो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. आईबाप हिंडते-फिरते असतानाच ते करून घ्यावं.

शिक्षणाबाबत कोर्टं अलीकडे जरा मऊ झाली आहेत. नवरा-बायको वेगळे झालेल्या प्रकरणांत हे जास्त दिसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की मुलगा अठराचा झाला म्हणून बापाने त्याच्या शिक्षणातून हात झटकायचे नाहीत, सगळा भार एकट्या आईवर पडता कामा नये. पण हा आधार मुख्यतः मोडलेल्या संसारातल्या आईला आहे. नांदत्या घरातला पोरगा "मला पुण्याला पाठवा" म्हणून बापावर दावा लावेल, तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

आदिवासी कुटुंबांची गोष्ट निराळी. गोंड, कोरकू, कोलाम यांना, म्हणजे अनुसूचित जमातींना, हा १९५६ चा निर्वाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाहीत. तिथे रूढी चालते. मुस्लिम कुटुंबांत व्यक्तिगत कायद्याप्रमाणे मुलीचा निर्वाह तिच्या लग्नापर्यंत बापाकडे असतो. कलम १४४ मात्र जातधर्म न पाहता सगळ्यांना लागू.

बाहेरच्या देशांत हे प्रमाण बरंच बदलतं. जर्मनीत मुलाचं पहिलं व्यवसाय-शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च देणं आईबापावर कायद्याने आहे. इटलीत लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, अठरा उलटली तरी, देणं चालू राहतं. तिथेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिशी उलटलेल्या, अर्धवेळ संगीत शिकवणाऱ्या मुलाला मनासारखी नोकरी मिळेपर्यंत बापाने पोसत राहावं असा याचा अर्थ नाही. वाचून वाटलं, आपला पारही काही फार मागे नाही.

पंधरा क्विंटल कापूस

कायद्याने अठरा म्हटलं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. या दोन आकड्यांमधली वीस-पंचवीस वर्षं आज खेड्यातली घरं स्वतःच्या खिशातून काढत आहेत. पोरगा पदवी घेतो, मग पुण्याला सदाशिव पेठेत, नाहीतर अमरावती-नागपूरला खोली करतो, अभ्यासिका लावतो, मेस लावतो. दरवर्षी जाहिरात येईल म्हणतो. कधी येते, कधी लांबते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं पाच एकर कोरडवाहूचं घर. तीन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, दोनात सोयाबीन आणि तूर. हे घर मी मनाने रचलं आहे, पण असं घर शोधायला लांब जावं लागणार नाही. पोराला पुण्यात महिन्याला दहा हजार पाठवायचे म्हटले तर वर्षाला १ लाख २० हजार. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे जवळपास १५ क्विंटल कापूस. एकरी पाच क्विंटल धरला तर घरचा सगळाच्या सगळा. बी-बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी यातलं काहीही वजा केलेलं नाही, आणि व्यापाऱ्याने हमीभाव दिला असं गृहीत धरलं आहे. हे गृहीतक किती खरं, ते वाचणाऱ्याला सांगायला नको.

ही परिस्थिती आजोबांच्या काळी नव्हती. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. साडेदहा एकरांवरून साडेतीन एकरांच्याही खाली. तेव्हा चार पोरांतला एक शिकला तरी उरलेल्या तिघांना वावर पुरायचं. आता एकाला शिकवायचं तर सगळं वावर लागतं.

म्हणून पैसे पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सरकारी आधार. व्यावसायिक अभ्यासक्रमाला बाहेरगावी राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबराव मूळ अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. देशाचे कृषिमंत्री होण्याच्या कितीतरी आधी, १९३२ मध्ये, त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती कुणब्या-शेतकऱ्याच्या पोराला शिकता यावं म्हणूनच. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क जुलै २०२४ च्या निर्णयाने पूर्ण माफ आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणब्यांसाठी) आणि नागपूरची महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी) या सरकारी संस्था प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. अर्जाच्या तारखा निघून जातात, कारण घरी कुणी त्या पाहत नाही. आणि मग त्याच पैशासाठी सावकाराकडे जावं लागतं.

दुसरी गोष्ट सहीची. अठरा उलटलेल्या पोराचं बापावर देणं नसतं, हे मघाशी सांगितलं. पण शैक्षणिक कर्जावर बाप सहकर्जदार म्हणून सही करतो, आणि त्या क्षणी तो कायद्याने बांधला जातो. अभ्यासक्रम संपून साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. पोराने नाही भरले तर बँक बापाच्या दारात येते. गाडीच्या कर्जाला जामीन राहिलेल्याचंही तसंच. मुलाच्या इतर उधारीशी, ज्यावर बापाची सही नाही तिच्याशी, बापाचा काही संबंध नाही, कुणी कितीही घरी येऊन बसलं तरी.

उलट बाजूही सांगतो, कारण ती फार जणांना माहीत नसते. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, असं जुन्या हिंदू कायद्यात धरलं जायचं. २००५ च्या दुरुस्तीने ते संपलं. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ मुलगा आहे म्हणून त्याच्यावर वसुली लावता येत नाही. बापाची जमीन वारशाने घेतली तर तिच्यावरचा बोजा मात्र तिच्यासोबत येतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचं नाव लिहिलेलं असतं ते त्यासाठीच.

हिस्सा, म्हणजे नेमकं काय

"बापाची जमीन म्हणजे माझीच" हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि निम्म्या खऱ्या वाक्याने केलेले दावे सगळ्यात जास्त चालतात.

बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन, बांधलेलं घर, हे स्वकष्टार्जित. तो जिवंत असेपर्यंत त्यात मुलाचा किंवा मुलीचा काडीचा हक्क नाही. तो विकेल, दान देईल, मृत्युपत्राने एकालाच देईल. आईबापाच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचाही सज्ञान मुलाला हक्क नाही, तो राहतो तो त्यांच्या मर्जीने, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्मानेच हिस्सा असतो. पण आजोबांची होती म्हणून ती या अर्थाने वडिलोपार्जित ठरतेच असं नाही. १९५६ नंतर आजोबा वारले आणि त्यांची स्वतःची जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बापाला मिळाली, तर ती बापाची वैयक्तिक मालमत्ता ठरते; सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे सांगितलं. एकत्र कुटुंब आधीपासून चालत आलेलं आहे आणि वाटणी झालेलीच नाही, तर चित्र वेगळं. म्हणून दावा ठोकण्याआधी जुने फेरफार काढावेत: जमीन कुणाकडून, कोणत्या साली आणि कशी आली. पारावरचा सल्ला त्याआधी ऐकू नये.

लेकीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा बदलून अविवाहित मुलींना सहदायादाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानेच हिस्सा असण्याचा, हक्क दिला होता. देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींना तो मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या त्या तारखेला बाप जिवंत असलाच पाहिजे अशी अट नाही. गावात यावर ठरलेलं उत्तर असतं, "तिच्या लग्नात केलं ना सारं." लग्नात केलेला खर्च हिश्श्यातून आपोआप वजा होत नाही. तो वजा करून घ्यायचा तर तिची राजीखुशीची, समजून केलेली सही लागते. राखीला आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रासाठी तालुक्याला नेणारे भाऊ मी पाहिले आहेत. कायद्याने ती सही चालते. त्या बहिणीला आपण काय सोडलं हे सांगितलेलं असतं का, हा वेगळा प्रश्न आहे.

ज्याची नोंद कुठेच नाही

दारव्ह्याच्या त्या मनातल्या घराकडे परत वळू. थोरला पुण्यात. धाकटा बारावीनंतर घरीच, वावरात. वखरणी, पेरणी, डवरणी त्याची. पाठीवर पंप घेऊन फवारणी त्याची. रात्री लाइन येते तेव्हा हरभऱ्याला ओलीत करायला तोच जातो. वेचणीच्या बाया आणायला आणि सोडायला तोच. गावात त्याच कामाला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवला तर त्याचा साल आधी ठरवावा लागतो, रोख किती, धान्य किती. पोराचा साल कुणी ठरवत नाही. त्याला "लागेल तसे" पैसे मिळतात, आणि ते मागताना मान खाली घालावी लागते.

आता थोडं गणित. दिवसाला फक्त ३०० रुपये मजुरी आणि वर्षाला २०० दिवस काम धरलं तर वर्षाचे ६० हजार. दहा वर्षांचे ६ लाख. थोरल्याने चार वर्षं पुण्यात राहून नेले ४ लाख ८० हजार. एकाने घरात घातले, दुसऱ्याने घरातून नेले. वाटणीच्या दिवशी सातबारा दोघांना सारखा वाटतो, आणि बहीण सही न करता उभी राहिली तर तिघांना सारखा. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. हिस्सा जन्माने मिळतो, कामाने नाही. पण धाकट्याच्या डोक्यात जो हिशोब गेली दहा वर्षं चालू आहे त्याला यात कुठेच जागा नाही. तो उसळतो तेव्हा शब्द "हिस्सा" वापरतो. "बाबा, मी का सालदार हावो तुमच्या घरचा?" हे त्याचं खरं वाक्य असतं. आणि बहिणीने लग्नापर्यंत वेचलेल्या कापसाचा, केलेल्या निंदणाचा हिशोब तर धाकट्याच्याही डोक्यात नसतो.

सरकारी कागदही या पोराला ओळखत नाहीत. सातबारा बापाच्या नावावर, म्हणून पीककर्ज बापाला, पीकविमा बापाचा, अतिवृष्टीची मदत बापाच्या खात्यात. पीएम-किसान योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान पोरगा त्यात नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढायला गेला की मात्र आईबापाचं उत्पन्न त्याच्या उत्पन्नात मोजतात. एका खिडकीवर तो वेगळा, दुसऱ्या खिडकीवर बापाच्या घरातला. मला माहीत असलेल्यांत एक योजना या पोराकडे बघते, ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात सातबारा असलेला शेतकरी आणि ज्याच्या नावावर जमीन नाही असा घरातला कोणताही एक जण, १० ते ७५ वयाचा, दोघंही बसतात. फवारणीची विषबाधाही त्यात येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, ती आठवली की हे कलम का महत्त्वाचं ते कळतं. पण त्या योजनेने ओळखायला अपघात व्हावा लागतो.

तर बाप या पोराचं काही देणं लागतो का? माझं मत स्पष्ट आहे: लागतो, आणि ते पोटगी म्हणून नाही. सज्ञान पोराला पोसणं हा उपकार असेल. त्याच्या कामाचा मोबदला देणं हा उपकार नाही. पुण्यातल्या थोरल्याला पाठवलेले पैसे मदत आहेत, वावरातल्या धाकट्याला दिलेले पैसे मजुरी आहेत. दोघांनाही एकाच आवाजात "अजून पोसतो तुम्हाले" म्हणणारा बाप धाकट्यावर अन्याय करतो. कोर्टात हे चालणार नाही, म्हणून ते घरातच ठरवावं लागतं.

ठरवायचं कसं? कापसाचे चुकारे हातात आले की बसावं, कारण तेव्हा आकडे ताजे असतात. धाकट्याला एखादा एकर त्याच्या हिशोबाने करू द्यावा, खर्च त्याचा आणि उत्पन्नही त्याचं. नाहीतर सालदाराला ठरतो तसा त्याचाही साल ठरवावा आणि पैसे त्याच्या बँक खात्यात जावेत, बापाच्या नव्हे. थोरल्याला किती वर्षं आणि किती पाठवायचे हे आधीच सांगावं. "निघेपर्यंत पाठवतो" हे वचन दोघांनाही महागात पडतं. थोरला तिशीनंतरही परतायला लाजतो आणि बाप नाही म्हणायला लाजतो. शिक्षणावर झालेला खर्च हिश्श्यापोटी धरायचा असेल तर तसं वाटणीपत्रात लिहावं. सगळ्यांची संमती असेल तर वाटणी कमी-जास्तही करता येते. बहिणीची संमती त्या "सगळ्यांत" येते. सातबाऱ्यावरच्या सर्व सहधारकांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो. स्वतःच्या कष्टाची जमीन बापाला एकालाच जास्त द्यायची असेल तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र. मुला-मुलीला, नातवाला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा.

बक्षीसपत्राची घाई मात्र करू नये. पोराला लग्नाला मुलगी मिळत नाही, नावावर जमीन दाखवा म्हणतात, म्हणून सगळा सातबारा पोराच्या नावावर चढवणारे बाप आता गावोगावी आहेत. नाव उतरलं की बापाचं पीककर्ज थांबतं, पीएम-किसानचा हप्ताही जाऊ शकतो, आणि पोराच्या घरात तो पाहुणा होतो. द्यायची तर थोडी द्यावी, आणि कागदात लिहावं की घेणारा आईबापाचा सांभाळ करील, दवापाणी करील, आणि ते हयात असेपर्यंत अमुक घरात राहतील. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत घेता येते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट असल्याचं सिद्ध व्हावं लागतं. जानेवारी २०२५ च्या निकालात त्यांनी हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही म्हटलं. अट कागदात असली की वादच उरत नाही.

ज्यांनी अट न लिहिता सगळं देऊन टाकलं आहे त्यांनाही अगदीच मार्ग नाही असं नाही. स्वतःच्या उत्पन्नावर जगता येत नसेल तर आईवडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहाचा अर्ज करू शकतात. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात, सगळे त्यात येतात. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो, आणि तिथे वकील उभा करायची गरज नसते. आपलं म्हणणं आपणच सांगायचं असतं.